जुनं क्रॅश कुशन घेताय? पेटी उघडून बघा

हायवेवर पट्टे मारणाऱ्या पोरांच्या मागे बाणाचे दिवे लावलेला एक ट्रक उभा असतो. त्याच्या मागच्या बाजूला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची पेटी असते, ते क्रॅश कुशन. मागून बेफाम आलेली गाडी तिच्यावर आदळावी, पोरांवर नाही, म्हणून ते लावतात. आमच्या मॉडेलमध्ये आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी असते. धडक बसली की ती चुरगळत जाते आणि गाडीचा जोर खाऊन टाकते. पण एकदाच! चुरगळलेली जाळी बदलावीच लागते, आणि ती महाग असते.

आम्ही रस्ते देखभालीची छोटी कंत्राटं घेतो. जुनी मशिनरी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून ट्रकसकट कुशन घेतलं. 'एकदाही ठोकर लागलेली नाही' असं त्याने लेखी दिलं. सोबत रस्ता-सुरक्षेच्या साधनांसाठी असलेल्या अमेरिकेतल्या 'मॅश' निकषांचं प्रमाणपत्र होतं: ताशी 100 किलोमीटरने येणाऱ्या 2270 किलोच्या पिकअपची धडक झेलण्याची चाचणी पास. रंग चकाचक, दिवे चालू, हायड्रॉलिकला गळती नाही.

कामावर काढण्याआधी आमच्या फिटरने पेटी खाली घेतली, तर तळाच्या सांध्यातून पाणी ठिबकायला लागलं. ट्रक आदल्या दिवशी धुतला होता, पण बंद पेटीत पाणी शिरायचं कारणच नव्हतं. तो बाजूच्या पत्र्यावर बोटं वाजवत गेला. एका ठिकाणी आवाज बद्द आला. रंग खरवडला तर खाली पुट्टी निघाली. मग टेप लावली. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पेटी चांगली वीतभर आखूड! मागचं झाकण उघडलं तेव्हा जाळीच्या घड्या झालेल्या दिसल्या. धडक खाल्लेली पेटी वरून डेंटिंग-पेंटिंग करून आमच्या गळ्यात मारली होती.

नेमप्लेटचे रिव्हेट नवे कोरे होते आणि शेजारी जुनी भोकं बुजवलेली. म्हणजे प्रमाणपत्राशी जुळणारा सिरीयल नंबर दुसऱ्याच कुशनचा असणार.

ट्रकचंही तेच. कुशन बनवणारा ट्रकचं किमान वजन ठरवून देतो, कारण हलका ट्रक धडकेने पुढे ढकलला जातो आणि पुढे आपलीच माणसं असतात. इथे वजन भरायला हौद्यात काँक्रीटचे ठोकळे नुसते ठेवले होते, ना बोल्ट ना साखळी. धडकेत ते थेट ड्रायव्हरच्या केबिनवर आले असते. हे बघून माझे हातपाय गार पडले.

तेव्हा नुसत्या फोटोवर आणि रंगावर जाऊ नका. झाकण उघडायला लावा, लांबी मोजा, वजनकाट्यावर ट्रक चढवा, आणि सिरीयल नंबर थेट कंपनीला कळवून खात्री करा. विकणारा 'झाकण उघडलं तर वॉरंटी जाते' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोगाचा आधार सहसा मिळत नाही. म्हणून आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीची, पोलिसांत तक्रार दिली. त्यानंतर व्यापाऱ्याचा निरोप आला: कुशन परत द्या, अर्धे पैसे घ्या. आम्ही नाही म्हणालो. त्याच्या हातात गेलं की नवा रंग चढवून तो ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोरांच्या मागे उभं करणार.