आमच्या वस्तीतली अंगणवाडी: खिचडीसाठी नाही, वजनासाठी जा

स्टार द्यायचे तर ४ देईन, पाचवा काहून नाही ते खाली लिहिते. वस्तीचं नाव टाकत नाही, दक्षिण नागपुरातली आहे एवढंच, कारण सेविका ताईला माझ्यामुळं वरून कोणी बोलायला नको.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा, तो दोन वर्षांपासून तिथं जाते. पोरगी आता २१ महिन्यांची. मी दोन घरचा स्वयंपाक करते, नवरा हिंगण्याला एमआयडीसीत. खरं सांगते, मलाही आधी वाटायचं की अंगणवाडीत काय मिळते तर खिचडी, म्हणून पोराला सोडायचं आणि कामावर पळायचं एवढाच माझा संबंध होता, पोरीला तर वजनालाही नेलं नव्हतं तीन महिने.

मग एक दिवस ताई स्वतः घरी आली. पोरगी तेव्हा १७ महिन्यांची. आधी तिला मांडीवर घेऊन खेळवलं, मग डावा हात धरला, खांद्यापासून कोपरापर्यंत मोजून बरोबर मधोमध पेनानं ठिपका काढला आणि तिथं ती रंगीत पट्टी गुंडाळली. पोरगी रडून राहिली होती, मी म्हटलं राहू द्या ताई, तर ती म्हणाली थांब बाई, हे बघ. पट्टीची खूण पिवळ्यात होती, १२.१ सेंटिमीटर. साडेबाराच्या वर हिरवा, साडेअकराच्या खाली लाल. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत नेलं तर वजन ७ किलो ४०० आणि उंची ७४ सेंटिमीटर. ताई म्हणाली, याला 'मॅम' (MAM) म्हणतात, म्हणजे मध्यम कुपोषित. माझे हातपाय गळाले. पोरगी चालत होती, हसत होती, दिसायला बारीक एवढंच, आमच्या सासूबाई तर म्हणायच्या आपल्या घराण्याचाच बांधा आहे.

ताईनं ओरडा नाही केला, हे मला फार भिडलं मनाला. बाजूला बसवून विचारलं सकाळपासून काय काय खाते ते सांग. मी सांगितलं, चहात बिस्कीट, मग वरणभात, मग परत बिस्कीट. तिनं पहिले चहा-बिस्कीट बंद करायला लावलं, पोट भरल्यासारखं वाटते आणि लेकरू जेवत नाही म्हणे. वरणात चमचाभर तेल नाहीतर तूप, शेंगदाण्याचा कूट, अंडं, आणि दोनदा नाही तर दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. पोट एवढंसं असते, एका वेळी मावत नाही, हे दोन लेकरं होऊन मला कोणी सांगितलं नव्हतं. जंताची गोळी अर्धी कुटून दिली (एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धीच असते), लोहाचं सिरप आशाताईकडून मिळालं, आठवड्यातून दोनदा १ मिली. दर आठवड्याला ताई चक्कर मारायची. चार महिन्यांनी पोरगी ८ किलो ६०० झाली आणि पट्टी १३ वर, हिरवी.

लाल निघाली असती तर सरकारी दवाखान्यात एनआरसी वॉर्डात (कुपोषित लेकरांचा वॉर्ड) साधारण १४ दिवस भरती करावं लागू शकलं असतं, असं ताई म्हणाली. दोन वर्षांपर्यंतचा काळ गेला की मेंदूची तेवढी वाढ परत मिळवणं अवघड जाते, म्हणून वजन चुकवू नका.

आता पोषण आहाराचं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला पाकिटं घरी मिळतात, तीन ते सहावाल्यांना तिथंच गरम जेवण. पाकिटाची चव मला नाही आवडली, पोरगी नुसतं तोंडातून बाहेर काढायची. मग गोड मिक्स तुपावर भाजून गूळ टाकून लाडू केले तर खाते. गरम खिचडी चांगली असते, कधी कधी पातळ.

पाचवा स्टार कापला तो इथं. पाकीट घ्यायला फोनमध्ये चेहरा स्कॅन करावा लागते, माझाच. मी कामावर, सासूबाई गेल्या की चेहरा जुळत नाही, पाकीट मिळत नाही. एकदा अर्ध्या दिवसाचा खाडा करून गेले तर नेटवर्कच नाही, ताई फोन धरून रस्त्यावर उभी, उन्हात. खोली भाड्याची, वर टिनाचं छत, मे महिन्यात नागपूरचं ऊन आणि आत एक पंखा, पोरांचे चेहरे लाल होतात. शिवाय त्या ताईला सर्व्हे, निवडणुकीच्या याद्या, सगळं करायला लावतात. ज्या बाईनं माझं लेकरू वाचवलं तिचा अर्धा दिवस मोबाईलमध्ये माहिती भरण्यात जाते, याचा मला राग येते.

शाळेबद्दल लोक म्हणतात कॉन्व्हेंटमध्ये टाका, इथं एबीसीडी शिकवत नाहीत. मी नाही टाकलं. पोरगा बाटल्यांची झाकणं रंगानुसार लावते, गोष्ट सांगते, घरी येऊन बहिणीला हात धुवायला लावते. पालक मेळाव्यात त्यांनी आम्हा आयांनाच जमिनीवर बसवून रिकाम्या डब्यात चिंचोके घालून खुळखुळा करायला लावला, पोरगी अजून तोच वाजवते. तिथंच एका मॅडमनं सांगितलं की अंगणवाडी हे नाव लहान लेकरांच्या शिक्षणासाठी झटलेल्या आपल्या ताराबाई मोडकांच्या कामातून आलं आणि सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ऐकून बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र माझी गेली, तुमची जाऊ देऊ नका. दुसरं लेकरू मुलगी झालं तर मातृवंदना योजनेत ६००० रुपये मिळतात, पण बाळ झाल्यापासून २७० दिवसांच्या आत नाव नोंदवावं लागते. मला कळलं तेव्हा पोरगी वर्षाची होऊन गेली होती. पोट राहिल्याबरोबर आशाताईला भेटा, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवा. आणि वजनाला सकाळी लवकर जा, दुपारी ताई घरभेटीला निघून जाते.