तीन भोकांचं गॅसकेट

गॅरेजवाल्याला मी एवढंच सांगितलं होतं, "गाडी तापते." अर्धी माहिती मीच गिळली. गाडी तापायची ती थांबल्यावर. नळ स्टॉपच्या सिग्नलला काटा चढायला लागायचा, पुढे रस्ता मोकळा मिळाला की गुमान खाली यायचा. साताऱ्याला जाताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत माझा जीव खालीवर, आणि नाका सुटला की शिरवळ येईपर्यंत काटा जागच्या जागी. गाडी २००८ची. वय झालं तिचं, असं म्हणून मी विषय सोडून द्यायचे.

गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो. ती थांबली की ते काम एकट्या फॅनचं. म्हणून थांबल्यावर तापणाऱ्या आणि पळताना नीट चालणाऱ्या गाडीत आधी फॅन बघायचा, मग त्याचा फ्यूज, रिले (फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच), वायरिंग. हायवेवरही तापायला लागली तर गोष्ट वेगळी : पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला, पंप गेलेला. हे शहाणपण मला साडेसोळा हजारांना पडलं.

त्या दिवशी मी गाडी ट्रॅफिकमधून थेट गॅरेजमध्ये नेली. मालकाने फडकं टाकून कूलंटच्या टाकीचं झाकण हळूहळू सैल केलं. आत पाणी खदखदायला लागलं. "बघा मॅडम, बुडबुडे. कॉम्प्रेशन पाण्यात येतंय. हेड गॅसकेट गेलं." म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला भोकाभोकांचा पातळ थर फाटला, आणि सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. मी बघितलं, बुडबुडे होतेच! मग काय बोलणार. पण तापलेल्या इंजिनचं झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि धडधाकट गाडीचं पाणीही उकळतं. कुकरचं झाकण वाफ जिरायच्या आत उघडा, आमटीसुद्धा तेच करेल. (आणि तुम्ही हे झाकण गरम असताना मुळीच उघडू नका, हात-तोंड भाजतं.) गॅसकेटची शंका असेल तर सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून गाडी चालू करायची. तेव्हाही पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर बोलणं पुढे न्यायचं.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. हेड खोललं, लेथवर फेसिंग केलं, नवीन गॅसकेट, ऑइल, कूलंट, मजुरी. १६,५०० रुपये. जुना पार्ट मागून घ्यायचा, एवढं मला भावाने शिकवलेलं. मी मागितला, त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी खूश होऊन डिकीत टाकला.

गाडी खरंच तापेना. उलट काटा पाव घरसुद्धा चढेना, ॲव्हरेज मात्र १५वरून १२वर आलं. चावी फिरवली की फॅनचा आवाज सुरू, अगदी थंड सकाळीसुद्धा. मला वाटलं, वा, फॅन काय जोरात चालतोय.

दीड महिन्याने साताऱ्यात, पोवई नाक्यावर, काटा थेट लाल रेघेला भिडला. जवळच एक वायरिंगवाले काका होते. त्यांनी बोनेट उघडलं आणि हसलेच. फॅनच्या मूळ वायरी कापून नवीन वायर चावीवर डायरेक्ट दिलेली, मधे रिले नाही, फ्यूज नाही. ती बारीक वायर तापून वितळली होती. मूळ वायरी जोडून त्यांनी हॉर्नचा रिले काढला आणि फॅनच्या जागी बसवला, दोन्ही एकाच जातीचे होते. इंजिन गरम होतंच, फॅन लगेच सुरू. म्हणजे दुखणं होतं ते रिलेचं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याच्या घरात बघितलं तर थर्मोस्टॅटच नाही, काढून टाकलेला. काटा चढत नव्हता तो त्यामुळे.

"पण हेडचं काम झालंय," मी म्हटलं.

काकांनी हेडच्या सांध्यावर बोट फिरवलं. वर्षानुवर्षांची तेल-धूळ बसून घट्ट झालेली. "ताई, हेड उतरवलं असतं तर हा थर राहिला असता का?" मग मला डिकीतलं पुडकं आठवलं. त्यांनी गॅसकेट उलगडून उजेडात धरलं.

"तुमचं इंजिन चार सिलिंडरचं. याला भोकं किती?"

मोठी भोकं तीन होती.

रिले, थर्मोस्टॅट, कूलंट आणि वायरिंग धरून काकांनी १,७०० घेतले. तोवर रविवारचा एक उद्योग मी ठरवून टाकला : गाडी जागेवर चालू ठेवायची, काटा मध्याच्या वर सरकला की फॅन स्वतःहून लागतो का ते ऐकायचं, आणि थोड्या वेळाने बंद होतो का तेही.

पुण्याला आल्यावर मी त्या गॅरेजात गेले. बिल म्हणजे एक कच्ची चिठ्ठी, 'हेड काम १६,५००', गाडीचा नंबर नाही, शिक्का नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करीन म्हटल्यावर मालक ती चिठ्ठीच हातात घेऊन बघत बसले. मी गॅसकेट टेबलावर ठेवलं. त्यांनी भोकं मोजली असावीत. "पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं असेल मॅडम," म्हणाले, आणि गल्ल्यातून पाच हजार काढून पुढे केले.

पैसे मी घेतले. मग त्यांनी गॅसकेटसाठी हात पुढे केला. ते मी परत डिकीत टाकलं.