रस्त्यावर उभी राहणारी गाडी आणि चोरीची धास्ती: गियर लॉक, लपवलेला स्विच, ट्रॅकर आणि पाऊच (वापरानंतरचा अनुभव)

आमची गाडी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात रस्त्यावर उभी राहते. इमारत जुनी म्हाडाची. स्टिल्ट पार्किंग नाही, गेट नाही, रात्रीचा वॉचमन नाही. जागा मिळेल तिथे लावायची. कधी ती खिडकीतून दिसते, कधी दोन गल्ल्या पलीकडे असते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे हाकेच्या अंतरावर. तिथून सरळ गेलं की ठाणे-नाशिक, नाहीतर ऐरोली पुलावरून नवी मुंबई. गाडी पळवणाऱ्याला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या काकांची गाडी रातोरात गेली. त्यांच्या विम्याच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर बराच फिरलो, आणि त्यानंतर आमच्या गाडीसाठी चार गोष्टी घेतल्या. आता पावसाळा, गणपतीतलं कोकण आणि दिवाळी असं सगळं पार पडलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. चोराला अडवणाऱ्या वस्तू वेगळ्या आणि चोरी झाल्याचं कळवणाऱ्या वस्तू वेगळ्या. दुकानदार दोन्ही एकाच नावाखाली विकतात आणि लोक दुसरी वस्तू घेऊन पहिली मिळाल्याच्या समाधानात झोपतात. माझे सगळ्यात जास्त पैसे ट्रॅकरवर गेले. भरवसा मात्र गियर लॉक आणि लपवलेल्या स्विचवर आहे.

कंपनीची सुरक्षा असताना हे सगळं कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. आजच्या जवळपास प्रत्येक गाडीत इमोबिलायझर असतो. चावीत चिप असते, गाडीचा ईसीयू (म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) त्या चिपचा कोड तपासतो, कोड जुळला तरच इंजिन चालू होतं. त्यामुळे जुन्या पद्धतीने वायरी जोडून गाडी चालू करण्याचे दिवस गेले. पण नवीन चावी गाडीला ओळखायला शिकवण्याची सोय कंपनीला ठेवावीच लागते, नाहीतर चावी हरवलेल्या ग्राहकाचं काय करणार? ही सोय असते स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून. सर्व्हिसला गाडी गेली की मेकॅनिक ज्यात वायर खुपसतो तोच हा पोर्ट. चोर मागच्या दाराची छोटी तिकोनी काच फोडतो, आत शिरतो, त्या पोर्टला टॅबलेटसारखं यंत्र लावतो आणि कोरी चावी गाडीला ओळखीची करून घेतो. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रं सापडल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. हे एकदा कळलं की डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावर कोणी विसंबून राहणार नाही.

गियर लॉक

हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बसवून घेतला. गियरच्या दांड्याशेजारी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला एक जाड ब्रॅकेट बसवतात. गाडी उभी केली की रिव्हर्स गियर टाकायचा आणि लॉक दाबायचा. मग दांडा तिथेच अडकतो. बसवताना मी मुद्दाम वाकून पाहत होतो, कारण खरी गोम बोल्टमध्ये असते. कारागीर पाना फिरवत राहिला आणि ठरावीक जोर आल्यावर बोल्टचं षटकोनी डोकंच टक्कन तुटून त्याच्या हातात आलं. चारही बोल्ट तसेच. मागे उरते ती गुळगुळीत गोल कडी, तिला पुन्हा पाना लागत नाही. घेताना एवढं नक्की पाहा. साध्या नट-बोल्टवर बसवलेला गियर लॉक म्हणजे चोराला फक्त एका पान्याचं काम.

चावी कुठली चालते आणि ईसीयूने काय ओळखलं, याच्याशी गियर लॉकला काही देणंघेणं नाही. इंजिन चालू केलं तरी गाडी फक्त मागे जाणार. तो तोडायचा तर ग्राइंडर लागतो, आवाज होतो आणि वेळ जातो. रस्त्यावर उभ्या गाडीच्या चोराकडे नेमका वेळच नसतो.

पावसाळ्यात गंज येईल अशी भीती होती. लॉक गाडीच्या आत असल्यामुळे तसं काही झालं नाही. धुळीने मात्र तो जड फिरायला लागला. तेल अजिबात सोडू नका, तेलाला धूळ चिकटते. ग्रॅफाइटची पूड घातली आणि तो पहिल्यासारखा झाला. चावीबरोबर कोडचं कार्ड येतं, ते घरी जपून ठेवा. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून याची डुप्लिकेट होत नाही.

अडचण एकच, पण ती मुंबईत राहणाऱ्याला लगेच कळेल. आमच्याकडे गर्दीच्या दिवशी गाड्या दुहेरी लागतात. बाहेरची गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता सोडायची, म्हणजे आतल्याला ती ढकलून निघता येतं. हा गल्लीचा नियम आहे आणि तो मोडला की सकाळी सहाला बेल वाजते. रिव्हर्समध्ये अडकवलेली गाडी ढकलता येत नाही. म्हणजे गाडी सगळ्यात उघडी असते त्याच रात्री गियर लॉक कामाचा नाही. म्हणून पुढची वस्तू लागली.

लपवलेला स्विच

चौघांत सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित. एका वायरच्या मध्ये छोटा स्विच टाकायचा आणि तो अशा जागी लपवायचा की शोधत बसावं लागेल. तो बंद असला की चावी खरी असली तरी गाडी चालू होत नाही.

कुठली वायर तोडायची हा मात्र मोठा प्रश्न आहे. बरेच जण टाकीतलं पेट्रोल इंजिनला पोचवणाऱ्या पंपाची वायर तोडून घेतात. मी तेच सांगायला गेलो, तेव्हा आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने स्पष्ट नकार दिला. "दादा, फ्रीवेवर ऐंशीने जाताना हा स्विच सैल झाला तर गाडी तिथेच बंद पडेल. चालती गाडी बंद पाडणारी वायर मी कापत नाही." त्याने स्टार्टर रिलेच्या (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला वीज सोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला जाणारी बारीक वायर निवडली. त्या वायरमधून करंट अगदी थोडा जातो, त्यामुळे स्विच तापत नाही. आणि स्विच कधी बिघडलाच तर गाडी सुरू होणार नाही एवढंच, चालती गाडी थांबणार नाही. या एका निर्णयासाठी मी त्या माणसाचा कायम ऋणी राहीन.

मॅन्युअल गाडी धक्का मारून चालू होऊ शकते, म्हणजे स्टार्टर तोडणं हा पूर्ण बंदोबस्त नाही, हेही त्यानेच सांगितलं. पण आपली नसलेली गाडी गल्लीत धक्का मारून चालू करायची तर दोन-तीन माणसं हवीत आणि आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या झोपलेल्या हव्यात. शिवाय जागा असेल त्या रात्री मी गियर लॉकही लावतो, मग धक्क्याचाही प्रश्न मिटतो.

गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना विचारा, नाहीतर पुढे इलेक्ट्रिकल तक्रार घेऊन गेलात की ते या स्विचकडे बोट दाखवतील. आमची वॉरंटी संपलेली होती. आणि स्विच कुठे आहे हे घरच्यांखेरीज कोणालाही सांगू नका. व्हॅलेटला किंवा सर्व्हिसला देताना तो चालू ठेवून द्यायचा, विषय संपला.

ट्रॅकर

ओबीडी पोर्टमध्ये खोचायचा ट्रॅकर स्वस्त आणि सोपा असतो, पण चोराचा हात पहिल्यांदा त्याच पोर्टकडे जातो. म्हणून डॅशबोर्डच्या आत वायरिंगला जोडलेला घेतला. त्यात स्वतःची छोटी बॅटरी असते. गाडीची वायर कापली तरी काही वेळ तो जागा असतो आणि वीज तोडल्याचा निरोप पाठवतो. फ्यूज काढून पाहिला, फोनवर लगेच निरोप आला.

ठिकाण तो जीपीएसवरून ओळखतो आणि आतल्या तेरा आकडी नंबरच्या सिमवरून पाठवतो. यातलं एक जरी बंद पडलं तरी आपण आंधळे. मॉलच्या तळघरात गाडी गेली की नकाशावर ती प्रवेशदाराशीच थबकते. पवईच्या उंच टॉवरांमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसते. गणपतीला गावी जाताना कशेडीच्या बोगद्यात रेंज गेली, पण पुढे रेंज आल्यावर मधला सगळा प्रवास आपोआप भरला गेला. हे मला आवडलं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतात, त्यांचा सिग्नल जमिनीपर्यंत येताना अगदी क्षीण झालेला असतो. तो दाबणारा जॅमर चोराकडे असेल तर ट्रॅकर गप्प बसतो. हे विकणारा सांगत नाही.

गाडी हलली की इशारा देण्याची सोय उपयोगी आहे, टोइंगवाल्यांनी गाडी उचलली तरी कळतं. पण सुरुवातीची सेटिंग फार नाजूक होती. ढोल-ताशे, दिवाळीचे सुतळी बॉम्ब, बाजूने गेलेला डंपर, सगळ्यांना फोन वाजायचा. शेवटी संवेदनशीलता सगळ्यात खाली आणली. रोज खोटा वाजणारा इशारा लोक बंद करून टाकतात आणि मग खऱ्या दिवशीही तो बंदच असतो, म्हणून हे सेटिंग पहिल्याच आठवड्यात नीट करा.

बॅटरीचंही बघा. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून पाहिलं, उभ्या गाडीत आमचा ट्रॅकर साधारण १५ मिलीअँपिअर खातो. महिनाभर गाडी हललीच नाही तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले जवळजवळ ११ संपतात. जुनी बॅटरी एवढ्याने बसू शकते.

माझी मोठी तक्रार सेवेची आहे. मध्यंतरी ट्रॅकर अचानक गप्प झाला. कारण विचारलं तर कंपनीने सिमचं रिचार्ज वेळेत केलं नव्हतं, आणि वर्षाचे पैसे मी आगाऊ भरलेले होते! ॲपमध्ये गाडी शेवटच्या जागी निवांत उभी दिसत होती, संपर्क तुटल्याची कुठेही सूचना नव्हती. चोरीवर लक्ष ठेवणाऱ्या वस्तूत हा दोष अक्षम्य आहे. आता मी शेवटच्या अपडेटची वेळ रोज पाहतो.

फोनवरून इंजिन बंद करण्याची सोय मी घेतली नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते. चोर गाडीत असला तरी समोर रस्त्यावर कोणाचं तरी पोर असतं.

सिग्नल अडवणारा पाऊच

चावी खिशात ठेवून हँडलला हात लावताच दार उघडणारी गाडी असेल तरच हा लागतो. घराच्या दारापाशी एक यंत्र, गाडीपाशी दुसरं, आणि आतल्या चावीचा सिग्नल लांबवून चोर दार उघडतो आणि इंजिनही चालू करतो. पाऊच तो सिग्नल अडवतो. आमचा पहिला पाऊच काही महिन्यांत घडीवर विरला. आतल्या चंदेरी अस्तराला बारीक भेग दिसली, आणि चावी पाऊचमध्ये असतानाही हँडलला हात लावल्यावर दार उघडलं. अधूनमधून अशी परीक्षा घेत राहा. जास्तीची चावीही पाऊचमध्येच हवी.

फास्टॅग आणि कागदपत्रं

पूर्वी मुंबईबाहेर पडताना मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर कुठेही टोल कापला की फोनवर निरोप यायचा आणि आपली गाडी कुठून गेली ते कळायचं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ आहे. खिशाला बरंच झालं, पण तो निरोप गेला. आता पहिला निरोप येईपर्यंत गाडी शहरापासून बरीच लांब गेलेली असू शकते.

विम्याबद्दल काकांच्या प्रकरणात जे पाहिलं ते सांगतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, हे अनेकांना चोरीनंतर कळतं. काकांचा सुदैवाने पूर्ण विमा होता. ११२ वर फोन, पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं, हे सगळं त्यांनी केलं. तरी दोन्ही चाव्या, आरसी, कर्जाची एनओसी आणि पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल, ज्याला आपल्याकडे ए समरी म्हणतात, एवढं जमल्याशिवाय फाईल हलली नाही. दुसरी चावी कुठे आहे हे आजच पाहून ठेवा. एकच चावी दाखवली की गाडीत चावी विसरल्याचा संशय येतो आणि क्लेम अडकतो. मिळणारी रक्कम आयडीव्हीइतकी, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीइतकी असते, आणि पाच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही नव्या किमतीच्या निम्म्यावर आलेली असते. काकांना जे मिळालं त्यात तशी गाडी पुन्हा आली नाही. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली गाडी होती, ते दुःख मी जवळून पाहिलं.

एआरएआय या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर विम्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट मिळू शकते, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यासाठी म्हणून काही घेऊ नका.

बजेट थोडं असेल तर आधी लपवलेला स्विच बसवा, पैसे जमले की गियर लॉक, आणि ट्रॅकर शेवटी. ओबीडी पोर्टवर बसणारं लोखंडी झाकणही मिळतं, ते पुढच्या सर्व्हिसच्या वेळी बसवणार आहे. ट्रॅकरचं वर्ष उन्हाळ्यात संपतंय. त्याचं नूतनीकरण करायचं की सिम स्वतःच्या हातात राहील असा दुसरा घ्यायचा, याची चौकशी चालू आहे. कोणी असा ट्रॅकर वापरत असेल तर रिचार्ज कसं करता ते जरूर कळवा.