रेसकारमधलं केटीएम ३९०: इंजिन चांगलंच, भोवतालचं सांभाळा

इंजिनीअरिंगचे विद्यार्थी स्वतः बांधून स्पर्धेत उतरवतात त्या छोट्या फॉर्म्युला रेसकारसाठी इंजिन निवडायला बसलं की आपल्याकडे चर्चा फिरून फिरून केटीएम ३९० वरच येते. हे परीक्षण त्याच इंजिनाचं, पण रस्त्यावरच्या ड्यूक या केटीएमच्या बाइकमधल्या नव्हे. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरची फॉर्म्युला भारत किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भरत आलेली सुप्रा, अशा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला न्यायच्या गाडीत ते कसं वागतं आणि शेवटच्या पंधरवड्यात कुठं अडवतं, एवढाच इथला विषय. निकाल आधीच सांगून टाकतो: घ्या. हे इंजिन स्वतःहून क्वचितच दगा देतं. रडवतं ते आपण त्याच्याभोवती बांधलेलं सगळं.

आधी जमेची बाजू. ३७३.२ सीसी, एक सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६० मिमी, मूळ बाइकमध्ये सुमारे ४३ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). स्पर्धेच्या नियमांची मर्यादा ७१० सीसीची, म्हणजे आपण जेमतेम अर्ध्यावर. ६०० सीसीच्या चार सिलिंडरवाल्यांपुढे सरळ पट्ट्यात मार खाणार, हे धरूनच चला. पण वजन चाळीस किलोच्या आत, थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आतच, सहा गिअर. आणि २०१३ पासून ही बाइक चाकणला बनते, त्यामुळे गास्केट, क्लच प्लेटा, सेन्सर, वॉटर पंपाचं सील यासाठी परदेशी पार्सलची वाट बघावी लागत नाही. टेक इन्स्पेक्शन (स्पर्धेतली गाडीची नियमतपासणी) चार दिवसांवर आलं की या एका गोष्टीपुढे दहा पीएस फिके पडतात.

साल मात्र बघून घ्या. २०१७ पासूनच्या ड्यूकला राइड-बाय-वायर थ्रॉटल आहे, म्हणजे हवेची झडप केबलऐवजी मोटर उघडते. ते तसंच वापरायचं म्हटलं की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे नियम लागू होतात: पेडलला दोन सेन्सर, थ्रॉटलला दोन सेन्सर, बिघाड झाला तर काय होतं याचा लेखी हिशोब. नवख्या टीमने या फंदात पडू नये. त्याआधीची, केबलच्या थ्रॉटलची आवृत्ती बघा. अलीकडचं ३९९ सीसीचं इंजिन वेगळंच आहे. जुन्या चेसिसवरचे ब्रॅकेट त्याला बसतील असं गृहीत धरू नका.

आता इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा मार्ग. सगळ्यात जास्त तास इथंच जातात. पेट्रोलच्या गाडीला २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (हवा मर्यादित करणारं अरुंद भोक) सक्तीचा आणि क्रमही ठरलेला: थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. "एवढ्याशा इंजिनाला २० मिमी पुरेल की" असं बरेच जण म्हणतात. सरासरी काढली तर बरोबरही आहे. ९,००० आरपीएमला या इंजिनाला सेकंदाला साधारण ३४ ग्रॅम हवा लागते आणि २० मिमीच्या भोकातून ७० ग्रॅमच्या वर जाऊ शकते. अडचण अशी की सिलिंडर एकच. चार स्ट्रोकमधल्या एकाच स्ट्रोकमध्ये तो सगळी हवा ओढतो, म्हणजे त्या क्षणी मागणी जवळपास चौपट. प्लेनम (रिस्ट्रिक्टर आणि इंजिनामधला हवा साठवणारा डबा) नसेल किंवा लहान असेल तर भोक त्याच क्षणी चोक होतं आणि वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. प्लेनमचा आकार सीसीच्या सहा ते आठ पट, म्हणजे सव्वादोन ते तीन लिटर ठेवा. त्याहून मोठा केलात तर पेडल दाबल्यावर गाडी विचार करत बसते. रिस्ट्रिक्टरनंतरचा डिफ्युजर (रुंद होत जाणारी नळी) हळूहळू उघडायला हवा, एका बाजूला साडेतीन-चार अंश. जागा नाही म्हणून तो आखूड केलात की मिळालेलं सगळं तिथंच घालवलंत.

थ्रीडी प्रिंट केलेलं इनटेक झोकात दिसतं, पण पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. इंजिन उभ्या गाडीत तापत ठेवलं की जोडाची कडा (फ्लँज) वाकते आणि हवा आत शिरते. नायलॉन चालतं, पण प्रिंटच्या थरांमधूनही हवा जाते, म्हणून आतून इपॉक्सीचा हात मारावाच लागतो. गळतीची लक्षणं ठरलेली: आयडल चढलेलं, ते खाली येईना, गॅस सोडला की सायलेन्सरमधून फटफट. तपासायचं तर इनटेक काढून दोन्ही तोंडं बंद करा, हलकी हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून शोधणारे महाभाग असतात. शेजारी पेट्रोलची टाकी आहे हे त्यांना कोणीतरी सांगा. इन्स्पेक्शनला इनटेकचं तोंड बंद केलं की इंजिन बंद पडलंच पाहिजे. ही चाचणी आपल्या वर्कशॉपमध्येच करून जा.

याच भागात एक लोच्या वारंवार होतो. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची नळी प्लेनमला जोडतात. एक सिलिंडर आणि कॅम सेन्सर नाही, अशा वेळी ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) इनटेक स्ट्रोक कुठला हे दाबाच्या खळग्यावरून ओळखायचं असतं आणि प्लेनममध्ये तो खळगा सपाट होतो. नळी पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाच्या, जवळ घ्या.

ऑइलचं प्रकरण इंजिनाच्या जिवावर बेतणारं आहे. बाइक वळणात कलते, त्यामुळे ऑइलवरचा एकूण जोर बाइकच्या उभ्या रेषेतच राहतो आणि पिकअप (पंपाचं ऑइल ओढणारं तोंड) बुडालेला असतो. गाडी कलत नाही. स्किडपॅडला, म्हणजे गोल फेऱ्यांच्या चाचणीत, साडेपाच सेकंदांच्या फेरीला आडवा जोर साधारण १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) येतो, म्हणजे सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या डब्यातल्या) ऑइलचा पृष्ठभाग सुमारे ५० अंश कलतो, तोही एका दिशेला सलग दोन फेऱ्या. पिकअप उघडा पडला की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं (बिग एंड) बेअरिंग जातं. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका. ऑइल प्रेशरचा खरा सेन्सर लावून डेटा लॉग करा आणि डाव्या-उजव्या स्किडपॅडचे आलेख शेजारी शेजारी ठेवून बघा. बॅफल (ऑइल सरकू न देणारा पडदा) घालायचा तर इंजिन उघडलेलं असताना, महिनाभर आधी. ऐन वेळी लोक पातळी थोडी वर ठेवतात. ते चालतं, पण मग ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर येतं. ते गोळा करणाऱ्या कॅच कॅनचं आकारमान किमान ९०० मिली किंवा एकूण ऑइलच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते, आणि डबा उकळत्या पाण्याचं तापमान सोसणारा हवा. पाण्याची बाटली झिप टायने बांधून आणलीत तर परत पाठवतील. ब्रीदर इनटेकला जोडायचा असेल तर रिस्ट्रिक्टरच्या आधीच. ऑइल बाइकचंच, ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या जासो एमए२ प्रतीचं. कारचं ऑइल ओतलं की क्लच घसरतो आणि मग अॅक्सिलरेशन रनच्या आदल्या रात्री सगळे क्लचच्या स्प्रिंगा बदलत बसतात.

वळणात इंजिन तुटक चालतं तेव्हा आधी एक प्रश्न विचारा: एकाच बाजूच्या वळणात की दोन्हीकडे? फक्त डावीकडे होत असेल आणि टाकी अर्धी झाल्यावर सुरू होत असेल, तर पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर सरकतंय. टाकीत आडव्या पट्ट्या किंवा छोटा स्वर्ल पॉट (पंपापाशी पेट्रोल धरून ठेवणारं भांडं) घाला. दोन्हीकडे आणि खड्ड्यांतही होत असेल तर वायरिंग बघा, आणि अर्थिंगपासून सुरुवात करा. ब्रॅकेटला रंग मारून त्यावरच अर्थची वायर आवळलेली बऱ्याच गाड्यांत सापडते. ठरावीक आरपीएमलाच ईसीयूचा क्रँकशी मेळ (सिंक) जातो? मग क्रँक सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत का ते पाहा.

मूळ ईसीयू आणि मूळ हार्नेस (वायरिंगचा संच) ठेवणाऱ्यांसाठी खास सूचना. स्टार्टर फिरतो, स्पार्क येत नाही, सगळं नवीन, तरी गाडी ढिम्म. साइड स्टँडचा स्विच, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच आणि पडझड ओळखणारा सेन्सर, हे चार आधी तपासा. हा शेवटचा आडवा-तिडवा लावला तर बाइक पडली आहे असं समजून ईसीयू इंजिन सुरूच होऊ देत नाही. बाइकवर तो जसा बसवला होता तसाच, त्याच दिशेने आणि रबरावर लावा.

कूलिंगमध्ये नियमाने फक्त साधं पाणी चालतं, कूलंट नाही. रेडिएटर गाडीच्या कडेच्या साइडपॉडमध्ये खाली जातो आणि इंजिनाचं हेड वर राहतं, त्यामुळे हेडमध्ये हवा अडकते. भरण्याचं तोंड सर्वांत उंच जागी ठेवा, गाडीचं नाक उचलून भरा, इंजिन गरम करून पुन्हा पातळी बघा. गळती बघायच्या टिल्ट टेस्टला गाडी ६० अंशांवर आडवी होते. तिथं थेंब पडला की तो बहुधा सैल क्लिपमधून किंवा कॅपच्या जुन्या सीलमधून आलेला असतो.

एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, सुमारे २२ किलोमीटरची. मध्ये ड्रायव्हर बदलायला तीन मिनिटं आणि मग गरम इंजिन पुन्हा सुरू करायचं. चांगल्या गाड्या इथंच अडून बसतात. कारणं दोन. फ्युएल रेल (इंजेक्टरला पेट्रोल देणारी नळी) एक्झॉस्टच्या जवळ असेल तर त्यातलं पेट्रोल उकळतं. रेलवर उष्णतारोधक पट्टी आणि मध्ये पत्र्याचा पडदा एवढ्याने काम होतं. दुसरं कारण बॅटरी. आयडलला पंखा, पंप आणि ईसीयू मिळून ऑल्टरनेटर देईल त्याहून जास्त करंट खातात. पंखा चालू ठेवून आयडलला व्होल्टेज मोजा. तेराच्या खाली असेल तर पंख्याला वेगळा रिले द्या आणि स्टार्टर दाबताना पंखा बंद होईल अशी जोडणी करा. सरावात इंजिन ९५ अंशांवर बंद करून बरोबर तीन मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघा. पहिल्याच दाबाला लागलं नाही तर गाडी तयार नाही.

आवाजाच्या चाचणीचा आरपीएम पिस्टनच्या सरासरी वेगावरून, सेकंदाला १५.२५ मीटर धरून, ठरतो. ६० मिमी स्ट्रोकला तो ७,६०० च्या आसपास येतो, म्हणून ७,५०० ला चाचणी. मर्यादा ११० डेसिबल, आयडलला १०३. मोठ्या सिंगलला आयडलचीच मर्यादा जड जाते. मफलरमधली काचलोकर तेलकट होऊन बसली असेल तर नवीन भरा.

गिअरिंगबद्दल थोडक्यात. मूळ १५-४५ दात्यांची स्प्रॉकेट (चेनची चाकं) आणि बाहेरून १८ इंच व्यासाचे टायर धरले तर ९,००० आरपीएमला दुसऱ्यात साधारण ताशी ५० किमी, तिसऱ्यात ६६, चौथ्यात ८२. एंड्युरन्सचा बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्यातच जातो, पाचवा-सहावा शोभेला. मागचं स्प्रॉकेट मोठं करायला वाव आहे, पण चेनची रेषा आधी सरळपट्टीने बघा. चेन उडते ती बहुतेकदा डिफरन्शियलचा ब्रॅकेट जोर आल्यावर वाकतो म्हणून, चेन सैल म्हणून नव्हे. चेनचा गार्ड २.६६ मिमी स्टीलचा आणि चेनच्या तिप्पट रुंद हवा.

माझ्या हिशोबी पाचात चार. एक गुण कापला तो ऑइलसाठी. वापरलेलं इंजिन घ्यायचं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यातल्या भंगारवाल्यांकडे मिळतं. नुसतं हाताने फिरवून घेऊ नका: स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा, ड्रेन बोल्टच्या चुंबकावर चुरा आहे का बघा, आणि अपघातातल्या बाइकचं असेल तर माउंटच्या कानांना डाय पेनेट्रंट लावून तडे शोधा. बिल घ्या, त्यावर इंजिन क्रमांक लिहून घ्या, आणि शक्य असेल तर त्याच गाडीचं हार्नेस, ईसीयू आणि रेग्युलेटरही त्याच दिवशी उचला. ते सुटे घ्यायला गेलात तर इंजिनाइतकेच पैसे जातात.