मोटेल, लॉज, भाड्याचं घर की आरव्ही? व्हेगास ते ग्रँड कॅनियन फेरीत रात्री कुठे काढाव्यात

ठाण्याहून मावसभावाचा फोन आला. मे महिन्यात सहा जण येताहेत: तो, वहिनी, दोन मुलं, मावशी आणि काका. लास व्हेगासला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, पेज गाव, ग्रँड कॅनियन करून परत व्हेगास. "मुलगा आरव्ही, म्हणजे ते चाकांवरचं घर, घ्या म्हणतोय, हिला किचन पाहिजे, बाबांचे गुडघे तुला माहीतच आहेत. राहायचं काय करू?" मी फिनिक्सला राहते, पाहुण्यांना घेऊन या फेरीवर चारदा गेले आहे आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हेच विचारतं. म्हणून त्याला जे सांगितलं ते एकदाचं लिहून काढते.

आधी अंतरं. व्हेगास ते झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल १६० मैल, तिथून ब्राइस ८५, ब्राइसहून पेज १५०, पेजहून ग्रँड कॅनियनचा साउथ रिम (दक्षिणेचा कडा) १४०, आणि परत व्हेगास २८०. आठशेच्या थोडं वर, म्हणजे तेराशे किलोमीटर. रस्ते उत्तम, पण मधे मैलोन् मैल दिवा नाही, फोनला रेंज नाही, आणि संध्याकाळनंतर हरणं आणि एल्क रस्त्यावर येतात. एल्क म्हणजे आपल्या घोड्याएवढं जनावर. त्यामुळे माझा पहिला निकष एवढाच, की अंधार पडल्यावर गाडी चालवायला लागू नये. भाडं त्यानंतर.

मोटेल

मोटेल हा प्रकारच गाडीवाल्यांसाठी निघाला. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोला पहिलं उघडलं, आणि 'मोटर' आणि 'हॉटेल' यांची सांधेजोड करून नाव पडलं. खोलीचं दार थेट पार्किंगमध्ये उघडतं. चार बॅगा, कुकर, पाण्याचा क्रेट आणि गुडघेदुखीचे काका घेऊन संध्याकाळी सातला पोचलात की या एका गोष्टीची किंमत कळते. फक्त बुकिंग करताना तळमजला मागून घ्या. दुमजली मोटेलांना लिफ्ट नसते, आणि उशिरा येणाऱ्याला वरची खोली मिळते.

काउंटरवर गुजराती ऐकू आलं तर दचकू नका. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक हॉटेल-मोटेलांचे मालक भारतीय वंशाचे आहेत आणि त्यांत बहुतेक पटेल. आमच्या सासूबाईंना एकदा रात्री साडेनऊला अशाच एका काकींनी आतल्या घरातून गरम पाणी आणि आल्याचा तुकडा आणून दिला होता. अर्थात ओळखीचा चेहरा दिसला म्हणून भाडं कमी होत नाही, मी मागून पाहिलंय.

खोलीत दोन क्वीन बेड असतात आणि माणसं चार, जास्तीत जास्त. "मुलांना खाली गादी टाकू" हा आपला तोडगा इथे चालत नाही, अग्निसुरक्षेचा नियम आड येतो. सहा जणांना दोन खोल्या घ्याव्याच लागतात, आणि मग स्वस्त मोटेल तितकं स्वस्त राहत नाही. सकाळचा नाश्ता बहुतेक ठिकाणी भाड्यात असतो: वॉफलचं यंत्र, ओट्स, उकडलेली अंडी, केळी. शाकाहाऱ्याचं भागतं. किटली मात्र नसते. कॉफीच्या यंत्रात नुसतं पाणी घालून चहाचं पाणी काढावं लागतं, त्याला कालच्या कॉफीचा वास येतोच.

आणि हो, भारतातून इलेक्ट्रिक कुकर किंवा किटली आणू नका. इथे वीज १२० व्होल्टची. आपलं २३० व्होल्टचं उपकरण पिन बदलून लावलं तरी जेमतेम पावपट ताकदीनं चालतं. एका पाहुण्यांची खिचडी रात्री आठला चढवली होती, दहाला तांदूळ अजून दाताखाली कचकचत होते. आल्यावर इथल्याच दुकानातून वीस-पंचवीस डॉलरचा राइस कुकर घ्या आणि जाताना कुणाला तरी देऊन टाका. त्याआधी मोटेलवाल्याला विचारा, सगळे खोलीत शिजवू देत नाहीत.

या मार्गावर मोटेलसाठी माझं आवडतं गाव पेज. १९५७ मध्ये ग्लेन कॅनियन धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं. कामगारांच्या त्या जुन्या बैठ्या घरांची एका गल्लीत छोटी मोटेलं झाली आहेत, काहींत अजून जुनी स्वयंपाकघरं शाबूत आहेत.

किचनवालं भाड्याचं घर

सहा जणांना कागदावर हेच सगळ्यात स्वस्त दिसतं. दोन-तीन बेडरूम, मोठा फ्रिज, वॉशिंग मशीन, बाहेर बाकडं. वहिनींचं मन इथेच बसणार, आणि त्यात चूक नाही. चार दिवस बर्गर आणि सबवे खाल्ल्यावर वरणभाताची किंमत डॉलरमध्ये करता येत नाही.

पण हिशोब नीट करा. साफसफाईचे पैसे एका रात्रीला राहा की पाच, तेवढेच पडतात. वर बुकिंगच्या ॲपचे शुल्क आणि स्थानिक कर. मे २०२५ पासून केंद्रीय नियमानं सक्तीचे आकार धरून पूर्ण रक्कम आधीच दाखवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखी शेवटच्या पानावर फसगत होत नाही. तरी कर वेगळा येऊ शकतो. एका रात्रीसाठी घर घेणं हा माझ्या मते शुद्ध तोटा. तीन रात्री एकाच ठिकाणी असाल तरच ते परवडतं.

दुसरी गोष्ट जागेची. 'झायनजवळ' असं लिहिलेली घरं बरीचशी हरिकेन आणि ला व्हर्किन या गावांत असतात, म्हणजे उद्यानाच्या दारापासून अर्धा तास. एरवी अर्धा तास काहीच नाही. पण झायनच्या मुख्य दरीतला रस्ता वर्षातला बराच काळ खासगी गाड्यांना बंद असतो, आत फुकट शटल बसनं जावं लागतं, आणि फाटकापाशी पार्किंग सकाळीच भरतं. स्प्रिंगडेलमध्ये राहिलात तर हंगामात गावातूनच फुकट शटल मिळते, गाडी जागची हलवायची गरज नाही. हरिकेनच्या घरात आम्ही वाचवलेले पैसे मोजून दोन तासांच्या पार्किंगशोधात घालवले.

तिसरी, दाराचा कोड. यजमान भेटतच नाही, कुलपाचा आकडा फोनवर येतो. आमच्या पाहुण्यांचा आला पुण्याच्या सिमवर, सिमला रोमिंग नाही, आणि दारात रेंजही नाही. पाऊण तास सगळे पोर्चमध्ये डासांसोबत. कोड, पत्ता आणि रस्ता यांचा स्क्रीनशॉट व्हेगास सोडण्याआधी काढून ठेवा. निघताना चादरी काढा, भांडी मशीनला लावा, कचरा कोपऱ्यावर नेऊन ठेवा अशी यादी फ्रिजवर चिकटवलेली असते, साफसफाईचे पैसे भरूनही. मला त्याचा राग येतो, पण कामं करते, कारण यजमान ॲपवर आपल्याबद्दल शेरे लिहितो.

फोडणीचं मात्र लक्षात ठेवा. घर असो वा किचनवालं हॉटेल, छताला धुराची घंटी असते आणि चुलीवरचा पंखा कित्येकदा धूर बाहेर न टाकता परत घरातच सोडतो. मोहरी तडतडली, मिरची पडली, की ती घंटी अख्ख्या मजल्याला जागं करते. दार-खिडकी उघडायची, तेल कमी तापवायचं, मिरची सगळ्यात शेवटी.

या दोहोंमधला एक मार्ग म्हणजे दोन शेगड्या आणि मोठा फ्रिज असलेलं लांब मुक्कामाचं हॉटेल. व्हेगासला आणि ग्रँड कॅनियनपासून ऐंशी मैलांवरच्या फ्लॅगस्टाफला अशी बरीच आहेत. व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या झगमगाटी हॉटेलात राहणार असाल तर 'रिसॉर्ट फी' धरून भाव पाहा. रात्रीला चाळीस-पन्नास डॉलर वर चढणं नेहमीचं.

उद्यानातली लॉज

इथे मी जरा पक्षपाती आहे. ग्रँड कॅनियनला एक रात्र कड्यावर काढावी. एकच, पण काढावी.

साउथ रिमवर १९०५ चं एल तोवार आहे आणि १९३५ चं ब्राइट एंजल. ब्राइट एंजलच्या काही खोल्यांना स्नानगृह सामाईक आहे, बुकिंग करताना बारीक अक्षरं वाचा. खोल्या साध्या, पलंग करकरणारे, जेवणाचे भाव टिपेला. या पैशांत बाहेर याहून ऐसपैस खोली मिळते. पण मे महिन्यात सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो. उद्यानाबाहेरच्या तुसायानहून कडा सात मैल, विल्यम्सहून साठ, फ्लॅगस्टाफहून ऐंशी. विल्यम्सला झोपलात तर साडेतीनला उठून एल्कच्या रस्त्यावर गाडी हाकायची. ब्राइट एंजलला झोपलात तर शाल पांघरून दोन मिनिटं चालायचं. काकांसारख्या माणसाला ही दोन मिनिटं देता येतील का, असा प्रश्न स्वतःला विचारा.

बुकिंग तेरा महिने आधी उघडतं आणि मेच्या खोल्या पटापट जातात. नाही मिळाली तरी रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा, लोक रद्द करतात. व्हिसाची तारीख पुढे-मागे होणाऱ्यांच्याच रद्द केलेल्या खोल्या आपल्याला मिळतात असा माझा संशय आहे. नॉर्थ रिमची लॉज मात्र यादीतून काढून टाका. जुलै २०२५ च्या वणव्यात ती जळून गेली, आणि जुन्या लेखांमधून तिची शिफारस अजून फिरते आहे.

झायनची लॉज दरीच्या आत आहे आणि तिथे राहणाऱ्यांना त्या बंद रस्त्यावरून स्वतःची गाडी लॉजपर्यंत नेता येते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही खरी सवलत. ब्राइसला कडा आठ हजार फुटांवर, मेमध्येही रात्री पाणी गोठतं. ठाण्याहून येणाऱ्यांनी स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नयेत.

आरव्ही

मुलाची हौस समजते. पण थोडक्यात सांगते: नको.

पंचवीस फुटी गाडी म्हणजे आपल्या मिनीबसएवढी, उजव्या बाजूनं, पहिल्याच दिवशी. गॅलनला आठ-दहा मैल. भाड्यावर मैलाचे पैसे वेगळे, रात्री ती उभी करायच्या तळावरच्या जागेचे वेगळे. रोज-दोन रोजांनी रबरी नळी लावून संडासाची टाकी गटाराच्या भोकात रिकामी करायची. हे काम नेहमी एकाच माणसावर पडतं आणि तो सुट्टीभर बोलत नाही. शिवाय झायनहून ब्राइसकडे जाताना १९३० साली खुला झालेला मैलभर लांबीचा बोगदा लागतो. सात फूट दहा इंचांहून रुंद गाडीला पूर्वी समोरची वाहतूक थांबवून सोडत, जून २०२६ पासून ते बंद. भाड्याच्या बहुतेक आरव्ही त्याहून रुंद असतात. म्हणजे वळसा, आणि या रस्त्यातला सगळ्यात देखणा तुकडा हुकला. वयस्कर मंडळी सोबत नसतील, दोन आठवडे हातात असतील, तर गोष्ट वेगळी.

खोलीच्या हिशोबात न धरलेले पैसे

जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना उद्यानं महाग झाली. अकरा मोठ्या उद्यानांत, ज्यांत झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन तिन्ही येतात, वार्षिक पास नसेल तर सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय १०० डॉलर पडतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० चा. एका माणसाची तीन उद्यानं धरली तरी पास स्वस्त. इथल्या रहिवाशांचा ८० डॉलरचा पास भाचा-पुतण्याकडून मागून आणू नका, फाटकावर ओळखपत्र पाहतात.

गाडी आणि खोली दोन्हींसाठी क्रेडिट कार्ड लागतं, ते गाडी चालवणाऱ्याच्या आणि खोली घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं. हॉटेलवाले वर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर तेवढे दिवस ते पैसे गेलेच समजा. पेट्रोलपंपावर यंत्र पाच आकडी झिप कोड, म्हणजे इथला पिन कोड, मागतं, ठाण्याचा ४००६०१ त्यात मावत नाही. आत जाऊन "पंप चार, चाळीस डॉलर" म्हणायचं आणि कार्ड तिथे द्यायचं. हिरव्या मुठीची नळी बहुतेक पंपांवर डिझेलची असते, ती उचलू नका.

वेळेचा घोळ राहिला. युटा (झायन, ब्राइस) नेवाडाच्या (व्हेगास) एक तास पुढे. ॲरिझोना (पेज, ग्रँड कॅनियन) उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्याच्या पोटातली नावाहो या मूळ रहिवाशांची भूमी करते. पेजला फोन कधी या टॉवरचा तर कधी त्या टॉवरचा वेळ दाखवतो. अँटेलोप कॅनियनची सफर फक्त नावाहो वाटाड्यासोबतच होते, ती पेजच्या वेळेनं सुटते, आणि उशिरा पोचलेल्यासाठी कुणी थांबत नाही. मनगटावर साधं घड्याळ बांधा.

मावसभावानं शेवटी असं ठरवलं: झायनसाठी स्प्रिंगडेलला दोन रात्री मोटेल, तळमजल्याच्या लागून दोन खोल्या. ब्राइसला एक रात्र, जे मिळेल ते. पेजला त्या जुन्या गल्लीत किचनवालं मोटेल, दोन रात्री, वहिनींच्या ताब्यात. ग्रँड कॅनियनला आधी फक्त तुसायानच मिळालं होतं. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, ब्राइट एंजलची एक खोली सुटली आहे, एकच, दोन माणसांची. मावशी-काकांच्या नावानं घेऊन टाकली म्हणाला. काकांनी मला लगेच फोन करून विचारलं, तिथे चहा किती वाजता मिळतो.