साबणासाठी तेल: टोळंबीचं (मोहाच्या बियांचं), पामचं की यीस्टचं?

बचत गट किंवा शेतकरी कंपनी साबण-क्रीमच्या धंद्यात उतरायचं म्हणते तेव्हा हल्ली हमखास एक सल्ला मिळतो, की पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) तर धुऱ्यावर जळूनच जाते, तिची साखर काढा, त्यावर यीस्ट (बुरशीच्या जातीचे सूक्ष्मजीव) वाढवा अन् पाहिजे तसं तेल बनवा. शास्त्र खरं आहे. पण पैसा टाकायच्या आधी हिशोब पहा.

यारोविया, लिपोमायसेस ही यीस्ट अशी, की नायट्रोजन संपला अन् साखर उरली तर वाढणं सोडून ती साखर पेशीतच चरबी म्हणून साठवतात, कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या वरही जातात. शिवाय जीन बदलून कोणतं फॅटी ॲसिड (तेलाचा मूळ घटक) किती हवं ते ठरवता येतं, अन् खरी किंमत याचीच आहे. ड्यूपाँट कंपनीनं यारोवियाकडून ईपीए हे ओमेगा-3 फॅटी ॲसिड बनवून घेतलं, जे एरवी माशाच्या तेलातून मिळतं. ते देणारं तेलबी आपल्या शेतात पिकत नाही.

आता खर्च. 1 किलो तेलाला प्रत्यक्षात 5 किलोच्या आसपास साखर जाते. साखर 40 रुपये धरा, म्हणजे 200 रुपये नुसत्या खाद्याचे, वर हवा, वाफ, पेशी फोडणं वेगळंच. पऱ्हाटी फुकट वाटते, पण तिच्यातून साखर सोडवायला ॲसिड, वाफ अन् एन्झाइम लागतात, अन् त्यात जे फरफ्युरल तयार होतं ते यीस्टलाच मारक. आणि लाईनचं, म्हणजे विजेचं काय? बॅच काही दिवस चालते, हवा एक मिनिट थांबून चालत नाही, गावातली लाईन सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे जनरेटर आलाच. अमेरिकेच्या सोलाझाइमनं ब्राझीलमध्ये उसाच्या कारखान्याला लागून वर्षाला 1 लाख टनाचा शेवाळ-तेलाचा प्लांट उभारला, साखर दाराशी होती, तरी 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. स्वस्त तेलाशी टक्कर घेणं इतकं अवघड आहे.

पाम स्वस्त, बारमाही, प्रत्येक डबा सारखा. पण भाव आपल्या हातात नाही, 2022 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियानं निर्यात थांबवली तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं.

टोळंबी मात्र गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याची आपली. मोहाच्या या तेलात पामिटिक अन् स्टिअरिक मिळून चाळीस टक्क्यांच्या वर, म्हणून साबण कडक होतो, हाताला मऊ लागतो. फेस कमी, त्याला खोबरेल मिसळावंच लागतं. बी पावसाच्या तोंडावर येतं, ओलं राहिलं की तेल आंबतं, वास धरतं. तरी पैसा वेचणाऱ्या बायांच्या हातात जातो, माझ्या लेखी ही लय मोठी गोष्ट आहे.

म्हणून साबणाला टोळंबी अन् खोबरेल, हंगाम चुकला तर थोडं पाम. महागड्या क्रीमसाठी खास फॅट लागलंच तर यीस्टचं तयार तेल थोडंसं विकत घ्या, फर्मेंटर (यीस्ट वाढवायची टाकी) गावात मांडू नका. गटातल्या बीएस्सी मायक्रोच्या पोराला हौस असेल तर त्याला साबणाच्या तेलामागे नाही, डीएचएसारख्या (हेही ओमेगा-3) महाग तेलामागे लावा, तेही कॉलेजच्या लॅबमध्ये. टोळंबीच्या प्रत्येक लॉटची आम्लता अन् सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू (तेलाचा साबण व्हायला किती क्षार लागतो तो आकडा) काढूनच कॉस्टिक सोडा किती ते ठरवा, नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) तेलाचा वेगळा विभाग आहे, तिथं जाऊन विचारा.