साडेसहा हजारांची म्युझिक सिस्टीम आणि गळ्याची कसोटी

गेल्या महिन्यात आईसाठी महात्मा गांधी रोडवरील एका दुकानातून ६,५०० रुपयांची छोटी म्युझिक सिस्टीम घेतली. रेडिओ, पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ आणि दोन्ही स्पीकर एकाच पेटीत, असा हा संच आहे. आईला सकाळी नाशिक आकाशवाणी आणि संध्याकाळी भजने व नाट्यसंगीत ऐकायचे असते. त्यामुळे आवाज किती मोठा येतो यापेक्षा गाणाऱ्याचा गळा किती खरा ऐकू येतो, हाच माझा निकष होता.

दुकानात मात्र नेमके याच्या उलट घडते. विक्रेत्याने तीन संच दाखवले आणि तिन्ही वेळा आवाज पूर्ण वाढवून, बास बूस्ट (खर्ज वाढवणारे बटण) चालू ठेवून ढोलाचेच गाणे लावले. अशा वेळी जो सर्वांत मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, कारण किंचित जोरात ऐकलेला आवाज कानाला नेहमीच अधिक भरदार भासतो. म्हणून इक्वलायझर (खर्ज-तार स्वरांचे प्रमाण बदलणारी सोय) 'फ्लॅट'वर, म्हणजे काहीही कमी-जास्त न करता, आणायला सांगावे, तिन्ही संचांचा आवाज अंदाजाने सारखा करून घ्यावा आणि आपल्या पूर्ण ओळखीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. मी द. वि. पलुस्करांची भजने पेन ड्राइव्हवर नेली होती. १९२१ साली नाशिकमध्येच जन्मलेल्या या गायकाचा स्वर इतका निर्मळ आहे की यंत्राने केलेली भेसळ त्यात लपत नाही. पहिल्या संचावर गळा पडशाने चोंदल्यासारखा आला, दुसऱ्यावर 'स' आणि 'श' कानाला टोचले, तिसऱ्यावर शब्द समोर बसून म्हटल्यासारखे उमटले. तिसरा घेतला.

खोक्यावर ठळक छापलेल्या पीएमपीओच्या आकड्याकडे लक्ष देऊ नये. तो क्षणिक कमाल शक्तीचा असतो आणि मोजण्याची ठरलेली रीत नाही, म्हणून आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, विचारावेत. तेही दुप्पट झाले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. ऐकताना दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. आमच्या १२ फुटी खोलीला २० वॅट पुरेसे झाले.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस निराशा झाली. पेटी लोखंडी कपाटावर ठेवली होती, आणि खर्जाचा स्वर आला की कपाटाचा पत्राच झणझणत असे. लाकडी टेबलावर, भिंतीच्या कोपऱ्यापासून दीड-दोन फूट पुढे आणल्यावर घुमणेही कमी झाले, कारण कोपरा खर्ज फुगवतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती झंकारती गुंजन, आता छान उलगडते. ती मुख्यतः तारेतून उठणाऱ्या वरच्या सूक्ष्म नादांत असते आणि ते लहान स्पीकरला पेलतात. डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग, मात्र पेलत नाही. ३ इंची स्पीकर सुमारे १०० हर्ट्झच्या खाली दमतो, त्यामुळे 'धा'चा ठोका कळतो, पण त्यामागची घुमार आणि मनगटाने दाबून काढलेली मींड (सरकता नाद) हरवते. बास बूस्टने ती परत येत नाही, उलट गळ्यावर धुके पसरते. या किमतीत ही मर्यादा मी मान्य करतो.

दोन स्पीकरांत जेमतेम हातभर अंतर असल्याने स्टीरिओचा फैलाव पलीकडे बसणाऱ्याला जाणवत नाही. पलुस्करांच्या काळातील मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणाऱ्या) मुद्रणांना त्याने काही फरक पडत नाही. नव्या चित्रपटगीतांत पडतो.

खरी तक्रार दुसरीच आहे. आवाजाच्या ३० पायऱ्यांपैकी पहिलीच पहाटेच्या शांततेत मोठी वाटते, आणि २२च्या पुढे हार्मोनियम फाटू लागते. आई १२च्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यात प्रत्येक शब्द स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट पोहोचतो.